घरच्या मशीनमध्ये गावठी अंडी उबवली, तीही भर पावसात (पूर्ण अनुभव, खर्चासकट)

जूनमध्ये मशीन लावल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन आले, मशीन कुठली, किती निघाली, परवडतं का वगैरे. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो, घरी पूर्वीपासून गावठी कोंबड्या, दहा-बारा कायम असतात. पोल्ट्रीवाली नाहीये मी, त्यामुळे हे हजारो पक्ष्यांच्या हिशोबाने वाचू नका.

मशीन का, तर कोंबडी खुडूक होणं, म्हणजे अंडी उबवायला बसायला तयार होणं, आपल्या हातात नसतं. एक कोंबडी रवणीला बसवली की दहा-बारा अंडी, वर २१ दिवस ती अडकलेली, मग पिल्लांमागे दीड-दोन महिने, तेवढ्या काळात ती अंडी देत नाही ती नाहीच. पिल्लं निघाली की घार आहे, मुंगूस आहे, मांजर आहे. राखणीला (गावच्या राखणदाराला कोंबडा देतात तेव्हा) आणि शिमग्याला गावठी कोंबड्याला आमच्याकडे ७००-८०० रुपये सहज मिळतात आणि ऐन वेळेला खुराड्यात एकच म्हातारा कोंबडा शिल्लक असतो. म्हणून एकदम पन्नासेक पिल्लं काढून मोठी करता येतील का हे बघायचं होतं.

आधी पंचायत समितीत पशुसंवर्धन विभागात जाऊन आले, म्हटलं काही अनुदान असेल तर बघू. तिथल्या साहेबांनी नीट बसवून सांगितलं. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला ५० टक्के अनुदान आहे, २५ लाखांपर्यंत, पण तो हजार पक्ष्यांपासून पुढचा प्रोजेक्ट, बँकेचं कर्ज नाहीतर स्वतःचा पैसा दाखवा, जागेचे कागद, प्रकल्प अहवाल. ४८ अंड्यांच्या डब्याला काही नाही. तयार एक दिवसाची पिल्लं हवी असतील तर सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आम्हाला कोल्हापूरचं जवळ, आधी नंबर लावायचा, पण मला गिरिराज-वनराज अशा सुधारित जाती नको होत्या, आमच्याच कोंबड्यांची पैदास हवी होती. तर अनुदानाचा विषय तिथेच संपला. जाताना एक काम मात्र करून आले, शेजारच्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात लासोटा (कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरची) लस मिळते का, कधी येते, हे विचारून वहीत नाव-नंबर लिहून आले. हे अंडी लावायच्या आधी करा, पिल्लं निघाल्यावर धावपळ करू नका. कारण पुढे सांगते.

मशीन ऑनलाइन मागवली, थर्मोकोलची पेटी, आत पंखा, हीटर, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे आणि वर हे सगळं सांभाळणारा एक्सएम-१८ कंट्रोलर. ५,८०० रुपये. कुरियर गावापर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन घ्यावी लागली, एसटीत मांडीवर घेऊन आले. थर्मोकोलचा एक कोपरा चेपला होता, तो चिकटपट्टीने बंद केला.

सासूबाईंनी पेटी बघितली आणि म्हणाल्या, "अगो, कोंबडी काय थर्मामीटर लावून बसते काय?"

नाही बसत, पण मशीनला लावावाच लागतो. अंडी ठेवायच्या आधी दोन-तीन दिवस मशीन रिकामी चालवा, ही सगळ्यात महत्त्वाची टिप. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पंखावाल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ सेल्सिअस लागतं आणि अर्धा-पाऊण डिग्रीचा फरकसुद्धा २१ दिवस चालला तर जाणवतो. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतोच, तो आत ठेवला. मशीन ३७.८ दाखवत होती म्हणजे १०० फॅरनहाइट यायला हवा, आला १०१.२. म्हणजे मशीन खरी गरम होती त्यापेक्षा ०.६ कमी दाखवत होती. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तेवढा फरक घालून दुरुस्त केलं, परत थर्मामीटर झटकून ठेवला, मग बरोबर आला. (पाऱ्याचा असेल तर झटकायला विसरू नका, तो वर चढलेला आकडा धरून ठेवतो.)

आता ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा, जिच्यासाठी मी खरंतर हे लिहायला बसले. मशीनबरोबरच्या कागदावर लिहिलंय दोन्ही पाण्याच्या वाट्या भरा. सगळे व्हिडिओवालेही हेच सांगतात. पण ते व्हिडिओ करणारे राहतात कुठे ते बघा, कोरड्या हवेतली माणसं आहेत बहुतेक. आमच्याकडे २०२५ ला मे संपायच्या आत पाऊस सुरू झाला, जूनमध्ये कपडे चार दिवस वाळत नव्हते, मीठ पाझरत होतं. बाहेरची हवा २७ डिग्रीला ८५-९० टक्के ओली. तीच हवा आत जाऊन ३७.५ ला तापली की तिची ह्युमिडिटी आपोआप ४७ ते ५० वर येते, कारण गरम हवेत पाणी जास्त मावतं. पहिले १८ दिवस लागते ५०-५५, किंचित कमी असली तरी चालते. मग वाटीत पाणी घालायचं कशाला? उलट मार्चमध्ये घाटावर ३५ डिग्री आणि २० टक्के अशी हवा असेल तर आत जेमतेम १७-१८ राहील, तिथे दोन्ही वाट्या भरूनही कमी पडेल. एकच मशीन, एकच कागद, पण दोन गावांत दोन वेगळ्या गोष्टी लागतात.

ह्युमिडिटीचा मीटर खरा आहे का ते मिठाने तपासता येतं. झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओलं चिकट करा, विरघळेल इतकं नको, ते आणि मीटर एका घट्ट डब्यात सात-आठ तास ठेवा. बरोबर ७५ दाखवायला हवं. माझा वेगळा घेतलेला छोटा मीटर ७० दाखवत होता, म्हणजे त्यात ५ मिळवायचे. पाण्याशिवाय मशीनमध्ये तो ४६-४७ दाखवायचा, म्हणजे खरी ५१-५२. आणखी काय पाहिजे. वाट्या कोरड्या ठेवल्या.

पण मीटरवरही पूर्ण विसंबू नये म्हणून एक छोटा डिजिटल काटा घेतला, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ३५० रुपये. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जाणं गरजेचं असतं, १८ दिवसांत वजन साधारण ११ ते १३ टक्के कमी व्हायला हवं. पाणी उडालं नाही तर बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी आतच गुदमरतं. जास्त उडालं तर पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. म्हणजे खरा मीटर अंडंच आहे.

अंडी गोळा करताना काळजी घेतली. घरची १७, बाकी ३१ वाडीतल्या दोन घरांतून १२ रुपयांनी विकत, दोन्हीकडे कोंबडा आहे याची खात्री करून. बाजारात गावठी म्हणून विकतात ती घेऊ नका, कोंबडा होता की नाही कोण सांगणार आणि किती दिवसांची कोण सांगणार. अंडी साठवायला १३ ते १८ डिग्री सांगतात, ते आमच्याकडे कुठून आणायचं? फ्रिज जास्त थंड आणि बाहेर २७-२८, त्यात अंडं आत थोडं थोडं वाढायला लागतं आणि मग मरतं. म्हणून चार दिवसांपेक्षा जुनं एकही घेतलं नाही, माठाच्या बुडाशी ओल्या वाळूजवळ टोपलीत, निमुळतं टोक खाली करून ठेवली. शेणाने माखलेली बाजूला काढून आमलेट केलं. धुवायची नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात.

१२ जून, गुरुवारी संध्याकाळी ४८ अंडी लावली. प्रत्येकावर पेन्सिलने वजन लिहिलं (स्केचपेन नको, शाई आत जाते). सासूबाईंनी ट्रे मोजला, म्हणाल्या विषम ठेवायची असतात, एक काढ. मी म्हटलं आई, एक कप्पा रिकामा राहील. मग त्यांनी पेटीवर एक लोखंडी खिळा आणून ठेवला, विजा कडाडल्या की अंडी नासतात म्हणून रवणीच्या टोपलीत ठेवतात तसा. खिळ्याने काही बिघडत नव्हतं, राहू दिला.

पहिला आठवडा काहीच करायचं नसतं आणि तेच जमत नाही. मी रात्री उठून डिस्प्ले बघायचे.

१९ जूनला कँडलिंग. खोली अंधारी करून पुठ्ठ्याच्या नळीतून मोबाईलचा टॉर्च बोथट टोकाला लावायचा. गावठी अंड्याचं कवच तपकिरी असेल तर नीट दिसत नाही, फिकट अंड्यापासून सुरुवात करा म्हणजे काय बघायचं ते डोळ्यांना कळतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका, तो हलतो. पहिला हललेला बघितला तेव्हा मी ओरडलेच. सासूबाईंनी चष्मा आणून प्रत्येक अंडं बघितलं, इतकी वर्षं कोंबड्या बसवल्या पण आत काय चालतं ते पहिल्यांदा बघत होत्या. ७ अंडी कोरी निघाली, दोनांत रक्ताची नुसती कडी होती म्हणजे सुरुवातीलाच मेलेली. ३९ राहिली. वजनं केली तर ४.१ टक्के कमी, यायला हवं होतं साडेचार-पावणेपाचच्या आसपास. बाहेर धो धो पाऊस चालू होता. पाणी आधीच नव्हतं, म्हणून वरचं हवेचं भोक पूर्ण उघडलं आणि मशीन न्हाणीघराच्या भिंतीपासून उचलून माजघरात ठेवली. २६ जूनला वजन पुन्हा रांगेत आलं, ८.९ टक्के. आणखी एक अंडं मेलेलं निघालं, ३८.

आणि मग २७ जूनची रात्र. संध्याकाळी सातला लाईट गेली, वर कुठेतरी झाड पडून खांब आडवा झाल्याचं कळलं, म्हणजे सकाळपर्यंत येत नाही हे नक्की. इन्व्हर्टर होता, मशीन फार नाही खात, ८० वॅट, त्यातही हीटर चालू-बंद होत असतो. घरातले बाकी सगळे दिवे-पंखे बंद केले. बॅटरी जुनी, पहाटे चारच्या सुमाराला इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला आणि बसला.

इथे एक नीट लक्षात घ्या, अंडी थंड होण्यापेक्षा जास्त गरम होणं वाईट. कोंबडीपण उठून खायला जातेच की. काही तास ३० पर्यंत उतरलं तरी बहुतेक पिल्लं तग धरतात, फार तर एखादा दिवस उशिरा निघतात, पण ४० च्या वर काही तास गेलं तर खेळ खलास. त्यामुळे घाबरून उकळतं पाणी आत ठेवू नका. पेटीवर गोधडी टाकली, हवेची भोकं तेवढी उघडी ठेवली, आणि चुलीवरचं पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून, फडक्यात गुंडाळून खाली दोन बाजूंना ठेवलं. तोपर्यंत ३०.५ झालं होतं. सासूबाई चूल सांभाळत होत्या, मी बाटल्या, नवरा टॉर्च धरून आतलं तापमान वाचत होता. एकदा ३९ गेलं तेव्हा लगेच एक बाटली बाहेर. ३२ ते ३६ च्या मध्ये खेळवत दुपारी बारा-साडेबारापर्यंत काढलं, मग लाईट आली. अंडी फिरवायचं हाताने करत होतो. रात्रभर मला सारखं वाटत होतं की आपण उगाच मेलेल्या अंड्यांना शेक देतोय, पण एकेक अंडं बाहेर काढून तपासलं असतं तर होती तीही ऊब गेली असती.

३० जून, अठरावा दिवस. ह्याला लॉकडाऊन म्हणतात, फिरवणं बंद. बहुतेक अंडी आतून काळीभोर भरलेली, वर पोकळीत सावली हलताना दिसत होती, जीवात जीव आला. वजन सरासरी ११.६ टक्के कमी. ४४.२ लिहिलेलं एक अंडं ३९ वर आलं होतं. फिरवायचा ट्रे काढला, जाळीवर अंडी आडवी ठेवली, पंख्याचं तोंड थेट अंड्यांवर येत नाही ना बघितलं, आणि आता पहिल्यांदाच पाणी घातलं, वर एक ओला स्पंज. शेवटचे तीन दिवस ६५-७० लागते. झाकण लावलं आणि सगळ्यांना बजावलं, आता उघडायचं नाही.

कोंबडीखालची अंडी शेवटच्या दिवसांत कोमट पाण्यात सोडून बघायची आमच्याकडे पद्धत आहे, जिवंत असेल ते हलतं. सासूबाईंची फार इच्छा होती. पिल्लाने आतून टोचलेलं अंडं असेल तर पाणी आत जाऊन पिल्लू बुडेल म्हणून मी नाही म्हटलं, त्यावरून थोडी धुसफूस झाली, असो.

२ जुलैला दुपारी पहिलं अंडं टोचलं. नुसता एक तडा. संध्याकाळी आतून चिवचिव ऐकू यायला लागली, कवच न फुटलेल्या अंड्यांतूनसुद्धा. तडा गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात, मध्ये बराच वेळ पिल्लू नुसतं पडून असतं, कारण पोटात बलक ओढून घेत असतं आणि शिरांतलं रक्त आटत असतं. माणसाला वाटतं अडकलंय. ओढून काढलं तर रक्तस्राव होतो. आणि झाकण उघडलं की ओली हवा क्षणात बाहेर, बाकीच्यांचा पापुद्रा सुकतो.

३ जुलैला पहाटे पाचला पहिलं पिल्लू बाहेर आलं, ओलं, केविलवाणं, मान टाकून पडलेलं, तासाभरात उभं. रात्रीपर्यंत १९. त्यांना लगेच बाहेर काढायची घाई नसते, पोटातल्या बलकावर दोन दिवस आरामात निघतात. ४ जुलैला दुपारपर्यंत एकूण २९ झाली. एका अंड्याला निमुळत्या टोकाकडून टोचलं होतं, म्हणजे पिल्लू उलटं, ते रात्री ओरडत होतं आणि सकाळी गप्प झालं. आत हात घालावा का ह्यावर आम्ही दोघी रात्रभर तिथेच बसून होतो. घातला असता तर मागचं आणखी एखाद-दुसरं गेलं असतं असं मला अजूनही वाटतं, सासूबाईंना नाही वाटत.

उरलेली ९ मी ५ तारखेला परसात मास्क लावून फोडून बघितली. किळस येते पण करा, त्याशिवाय कळत नाही काय झालं. दोन पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या आकाराची, म्हणजे ती लाईटच्या रात्रीची असणार. ते एक उलटं. पाच पूर्ण वाढलेली पण टोचलंच नाही. एक नासलेलं, काही समजत नाही असं.

पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं मोठं खोकं, वर ६० चा बल्ब, पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ डिग्री आणि मग दर आठवड्याला ३ डिग्री कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं सांगतात, बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी, कडेला पसरून चोच उघडी तर गरम. तळाला वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात. आमच्या एकाचे फाकलेच होते, दोन्ही पाय चिकटपट्टीने अंतर ठेवून बांधले, तीन दिवसांत सरळ चालायला लागलं. आम्ही गोणपाट अंथरलं. पाण्याच्या ताटलीत खडे टाका नाहीतर बुडतात. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, मग तांदळाची कणी, मक्याचा भरडा आणि चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य), ५० रुपये किलो.

लस: मानमोडीची लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. ९ जुलैला दवाखान्यात गेले. केसपेपर, नाव, गाव, पक्षी किती, रजिस्टरला सही. जूनमध्ये नंबर देऊन ठेवला होता म्हणून माल आल्यावर फोन आला, नाहीतर त्या आठवड्यात शिल्लक नव्हती. बर्फ घालून थर्मास घेऊन जा, साध्या पिशवीत आणली तर लस वाटेतच मेली समजा. बाटली १०० डोसची, एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायची, म्हणून वाडीतल्या ज्यांच्याकडून अंडी घेतली त्यांना पिल्लं घेऊन बोलावलं. एकदा वाडीवर मर आली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं, त्यामुळे यायला कोणी नाही म्हटलं नाही. गंबोरो रोगाची लस १७ जुलैला दिली. लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात.

मध्ये एक गोष्ट झाली, तीही करून बघण्यासारखी आहे. पिल्लं निघाली तेव्हा आमची एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन रिकाम्याच टोपलीत बसली होती. सासूबाईंनी ४ तारखेच्या रात्री अंधारात दहा पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवली. दिवसा केलं तर टोचते म्हणे. सकाळी ती त्यांना घेऊन क्लुक क्लुक करत बाहेर. त्या दहांना ना बल्ब लागला ना पुठ्ठा. बल्बखालच्या १९ पैकी दोन पहिल्या आठवड्यात गेली, तिच्याकडची दहाच्या दहा होती, मग ऑगस्टमध्ये एक मुंगसाने नेलं.

खर्च: मशीन ५,८००, अंडी ३७२, काटा ३५०, मीटर २५०, खाद्य पहिल्या महिन्याचं साधारण ६००, लसी आणि जाण्यायेण्याचं मिळून ३००. वीज २५-३० युनिट, म्हणजे फार नाही. एक दिवसाचं गावठी पिल्लू आमच्याकडे ४० ला जातं, २९ ची किंमत झाली ११६०. म्हणजे पहिल्या बॅचला पिल्लं विकून मशीन सुटत नाही, कोंबडे मोठे करूनच विकायला हवेत, आणि त्याला पाच-सहा महिने. नुसतं "घरबसल्या कमवा" वगैरे ऐकून घेणार असाल तर थांबा.

पुढची बॅच दिवाळीनंतर लावणार आहे, तेव्हा हवा कोरडी असेल, म्हणजे वाट्यांमध्ये पाणी लागणार. किती लागेल ते वजन करूनच ठरवेन. मशीन ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून, दोन दिवस उन्हात वाळवून ठेवली आहे, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची आहे. वाडीतल्या दोघांनी त्यांच्या अंड्यांसाठी दहा-दहा कप्पे आत्ताच सांगून ठेवलेत, भाडं म्हणून प्रत्येकी दोन पिल्लं ठरली आहेत.